'मी बरा झालो' हा समज

हृदयविकाराच्या झटक्यानंतर अतिदक्षता विभागात 'आता सारे संपले' म्हणणारा रुग्ण अँजिओप्लास्टीनंतर ३ महिन्यांनी 'नळी मोकळी झाली, मी बरा झालो' असे सांगू लागतो. कारण विचारावे तर ताणाचे नाव घेतो, तंबाखूचे क्वचितच! याच सुमारास तो आमच्याकडे येऊन अर्जुनारिष्ट मागतो व 'त्या गोळ्या' बंद करण्याची अनुमती इच्छितो. ती देणे हा आमच्या मते वैद्याचाच प्रज्ञापराध होय. स्टेंटने एक अडथळा दूर होतो, रोहिण्यांचा रोग राहतोच. आणि अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल मध्येच सोडल्यास स्टेंटमध्ये रक्त गोठून पुन्हा झटका येऊ शकतो. अर्जुन द्यावयाचा तर हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने, गोळ्यांच्या जोडीने द्यावा. औषधालयचालक बंधूंनीही बाटली देण्यापूर्वी सकाळची गोळी घेतली का, हे विचारावे.