वाचकाची पेटी, परक्याची किल्ली

अनेक संकेतस्थळांवरील नवे लेख एकाच जागीं आणून देणारी ‘आरएसएस’ ही युक्ति १९९९ सालीं निघाली. दारोदार हिंडण्याचे वाचकाचे श्रम तिनें वांचविले, याबद्दल वाद नाहीं. वाद आहे तो संग्रहाचा. संगणकावरील कित्येक फीड रीडर आलेले लेख आपापल्या निराळ्या ठेवणींत कोंडून ठेवतात. एकाची ठेवण दुसऱ्यास वाचतां येत नाहीं. रीडर बदलूं म्हटलें, तर ‘ओपीएमएल’ नांवाची यादी तेवढी हातीं पडते. तींत संकेतस्थळांचीं नांवें व पत्ते असतात. जपून ठेविलेल्या लेखांचा मागमूसही नसतो. मूळ फीडमध्यें तर बहुधा अलीकडचेच थोडे लेख राहतात. मग गेलेलें परत मागावें कोठें?

कोणी म्हणेल, फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार कसली? परंतु धर्मशाळा फुकट असली, म्हणून उतारूचें गांठोडें ठेवून घेण्याचा अधिकार तिच्या व्यवस्थापकास पोंचतो काय? शिवाय, धर्मशाळाही टिकत नाहींत. १ जुलै २०१३ रोजीं गूगल रीडर बंद झाला. डिसेंबर २०१८ मध्यें फायरफॉक्सनेंही फीड वाचण्याची आपली सोय काढून टाकली.

मासिकांचे बांधून ठेविलेले जुने खंड आजही कपाटांतून काढून वाचतां येतात. त्यांस कोणाची परवानगी लागत नाहीं. म्हणून वाचकानें रीडर निवडतांना प्रथम एवढेंच विचारावें: माझा संग्रह साध्या फायलींच्या रूपानें मला बाहेर काढतां येईल काय? उत्तर ‘नाहीं’ असेल, तर त्याचे बाकीचे सारे गुण व्यर्थ होत.