वसईच्या वाडीतील भाजीचा टिकाव

वसईचा वाडीवाला मुंबईच्या बाजारास लागून आहे, हे त्याचे भाग्य मानले जाते आणि ते खोटेही नाही. परंतु ह्याच जवळिकीमुळे भाजी टिकविण्याचा विचार वाडीत फारसा शिरला नाही. पहाटे तोडावी, सकाळी विकावी आणि उरेल ती पडेल त्या भावाने देऊन मोकळे व्हावे, अशी रीत पडून गेली. आवक वाढली की भाव व्यापारी ठरवितो. कारण परत नेलेला माल उद्यापर्यंत टिकणार नाही, हे दोघांनाही ठाऊक असते.

वास्तविक टिकविण्याची विद्या ह्या भूमीस परकी नाही. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवून केलेली येथील सुकेळी कोणत्याही यंत्रावाचून दीर्घकाळ टिकतात. जी बुद्धी केळ्यास लावली ती भाजीसही लावता येईल.

मात्र बाहेरचा उपाय जसाच्या तसा उचलू नये. नवी दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा शून्य ऊर्जा शीतकक्ष सर्वत्र सुचविला जातो. विटांच्या दुहेरी भिंती, मधल्या सुमारे ७.५ सेंटीमीटर पोकळीत वाळू आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजविणे, एवढेच त्याचे तंत्र. भिंतीतील पाणी उडून जाताना आतील उष्णता घेऊन जाते. परंतु पाणी उडण्यास हवा कोरडी हवी. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा कक्ष जे काम करील ते खाडीकाठच्या दमट हवेत करणार नाही, आणि पावसाळ्यात तर त्याची आशाच धरू नये. हिवाळ्यातील कोरड्या दिवसांत, सावलीत पण वारा खेळेल अशा जागी, त्याचा उपयोग आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही मर्यादा आधी सांगावी. न सांगता बांधून दिलेल्या कक्षात पुढील वर्षी सरपण दिसते.

बिटाचेही असेच. थंड देशांत बीट ओलसर वाळूत घालून तळघरात हिवाळाभर ठेवतात, कारण तेथील जमीनच गार असते. येथे वाळू महिने देत नाही, काही दिवस देते. परंतु घसरलेला भाव सावरेपर्यंत तेवढे दिवसही मोलाचे ठरतात. त्यासाठी काढणी सकाळी गारव्यात करावी. दोन बोटे देठ ठेवून पाने कापावीत, कारण जोडलेली पाने कंदातील पाणी ओढून घेतात. शेपटी तोडू नये. तेथूनच कूज शिरते. कंद न धुता माती हाताने झाडावी आणि नासका कंद वेगळा काढावा. पानांसकट जुडी शोभून दिसते हे खरे, पण ती त्याच दिवशी खपणार असेल तरच.

पालेभाजीस हा उपाय लागू नाही. ती सावलीत ठेवून लवकर विकणेच बरे. गवार, कारली मात्र उकळत्या पाण्यातून दोन-तीन मिनिटे काढून वाळवावीत. बीट शिजवून पाच टक्के आम्लतेच्या शिरक्यात घालावे. काटकसर म्हणून शिरका पाण्याने पातळ करू नये. आंबटावाचून नुसत्या तेलात बंद केलेल्या कच्च्या भाजीत प्राणघातक विष निर्माण होऊ शकते. वाळवणाची कामे मेअखेर उरकावीत; जूनचा ओला वारा लागला की बुरशी धरते.