पाइप लावून आवळलेलं हेड

सोयाबीन काढणीला आलं की यवतमाळच्या आर्णी रोडला, दारव्हा रोडला गॅरेजांपुढे ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. त्यातल्या काहींचं दुखणं जुनंच असतं. मागच्या हंगामात ज्याचं हेड उतरवलं होतं, त्याचंच हेड पुन्हा उतरलेलं असतं. रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइलला दुधाळ रंग, सायलेन्सरमधून पांढरा धूर. मालक म्हणतो, गॅसकेट डुप्लिकेट निघालं. मिस्त्री म्हणतो, कंपनीचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही. दुकानदार दोघांचंही ऐकून घेतो आणि नवीन गॅसकेट विकतो. हेडचे बोल्ट कसे आवळले होते, हे मात्र तिघांपैकी कुणीच विचारत नाही.

विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. "हाताले समजते न भाऊ. वीस वर्षं झाली हेच करून राहिलो." हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. वीस वर्षं पाना धरलेल्या हाताला खरोखर बरंच कळतं. आटे खराब आहेत, बोल्ट तिरपा बसतोय, वायसर दबला, हे त्या हाताला आपल्या डोळ्यांआधी समजतं. पण बोल्टमध्ये ताण किती भरला, हे त्याला नीट कळत नाही, आणि हेडच्या कामात महत्त्व त्या ताणालाच आहे.

बोल्ट आवळला की तो थोडासा लांबतो. डोळ्यांना दिसणार नाही इतकाच, पण लांबतो, आणि मूळच्या लांबीवर परत यायला धडपडतो. त्याच्या त्या ओढीनेच हेड आणि ब्लॉक एकमेकांवर दाबून राहतात. कापसाच्या गाडीवर दोर ताणून बांधतात तसंच हे. दोरात ताण आहे तोवर भारा हलत नाही. 8.8 असा आकडा कोरलेला 12 मिलिमीटरचा एक साधा बोल्ट बरोबर आवळला, तर तो एकटा साडेतीन-चार टनांच्या जोराने दाबून धरतो. हेडवर असे दहा-बारा बोल्ट असतात आणि आत काय चाललेलं असतं? मिनिटाला 2,000 फेरे घेणाऱ्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 1,000 वेळा डिझेल पेटतं. दहातला एक बोल्ट जरी ढिला राहिला तरी गरम वायू नेमका तिथून वाट शोधतो. फाटलेलं गॅसकेट उजेडात धरून पाहा. दोन बोअरच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर काळपट-तांबूस ओघळ दिसतो. वायूने तिथूनच वाट काढलेली असते.

आता गोम अशी की पाना फिरवताना आपण जो जोर लावतो, त्यातला फारच थोडा या ताणाच्या कामी येतो. साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत बोल्ट ताणला जातो. आट्यांत गंज असेल तर हाताला बोल्ट टाइट झाल्यासारखा वाटतो, पण आत ताण भरलेलाच नसतो. उलट जिथे कोरडा आवळायचा तिथे कुणी तेल लावलं, तर तेवढ्याच जोरात बोल्ट हवा त्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि कधी मानेतून तुटतो. हाताला जाणवतं ते मुख्यतः घर्षण.

म्हणून टॉर्क पाना आला. अमेरिकेत कॉनराड बार नावाचा माणूस न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्यात होता. पाण्याच्या आणि वाफेच्या मोठ्या नळांच्या जोडावरचे बोल्ट कामगार गरजेपेक्षा जास्त आवळत. त्यावर उपाय म्हणून 1918 मध्ये त्याने हा पाना काढला. शंभर वर्षं उलटून गेली, तरी आपल्या तालुक्यांतल्या अनेक गॅरेजांत तो नाही. असला तरी खोक्यात असतो.

टॉर्क पाना आणला की काम झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. इंजिनिअरांच्या हाताशी असणाऱ्या 'मशिनरीज हँडबुक'मध्ये एक तक्ता आहे. बोल्ट नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळला तर ताणात 35 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त होतं, असं तो सांगतो. आणि टॉर्क पान्याने आवळला तर? 25 टक्क्यांपर्यंत. म्हणजे फरक दहाच टक्क्यांचा. आमच्या मिस्त्रीला हा तक्ता दाखवला तर तो मांडीवर थाप मारून म्हणेल, "मी काय म्हटलं होतं!" आणि त्याचं सगळंच चूक म्हणता येणार नाही. पाना फक्त फिरवण्याचा जोर मोजतो. आट्यांतल्या गंजाची त्याला खबर नसते. त्यामुळे आटे साफ नसतील, तर महागडा टॉर्क पानाही तुम्हाला खुशाल फसवतो.

वणीतल्या एका गॅरेजात हेड बसताना मी नीट पाहिलं होतं, म्हणून हे जरा तपशिलात सांगतो. तिथल्या मिस्त्रीने हेड उचलायच्या आधी बराच वेळ ब्लॉकवरच घालवला. पट्टी आणि फिलर गेज लावून पृष्ठभाग वाकला आहे का ते पाहिलं. बोल्टच्या प्रत्येक भोकात टॅप फिरवून आटे साफ केले, हवा मारली. एका भोकाच्या तळाशी काळं तेल साचलेलं होतं. तारेला चिंधी गुंडाळून त्याने ते टिपून काढलं, मग परत हवा मारली. मालक बाजूच्या बाकड्यावर बसून चुळबुळ करत होता. त्याला ही टंगळमंगळ वाटत असावी. पण तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं, तर बोल्ट त्याच्यावर जाऊन अडतो. द्रव काही दबत नाही. पाना म्हणतो टाइट झालं. बोल्टमध्ये ताण नसतो, आणि जोर वाढवला तर ब्लॉकलाच तडा जातो.

नंतर गॅसकेटची 'टॉप' लिहिलेली बाजू वर करून बसवली, हेड ठेवलं, आणि खडूने प्रत्येक बोल्टजवळ आकडे घातले. एक आणि दोन मधोमध, तीन-चार त्यांच्या बाजूला, असं करत शेवटचे आकडे चारही कोपऱ्यांत. आवळायचं ते याच क्रमाने, मधून बाहेर, म्हणजे गॅसकेट मधून बाहेरच्या बाजूला पसरत सपाट बसतं. कोपऱ्यातून सुरुवात केली तर मध्ये फुगवटा राहतो आणि हेड वाकतं. एका दमात पूर्णही आवळायचं नाही. त्याने तीन फेऱ्यांत आवळलं. पहिल्या फेरीला पाना कमी आकड्यावर, दुसरीला त्याहून वर, तिसरीला पुस्तकातल्या आकड्यावर. प्रत्येक वेळी 'टक्' आवाज आला की थांबायचं. पुन्हा एकदा टक् करून खात्री करायची सवय अनेकांना असते. ती वाईट, कारण दर वेळी बोल्ट थोडा पुढे सरकतो. शेवटी त्याने प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला आणि पान्याचा आकडा खाली उतरवून तो खोक्यात ठेवला. स्प्रिंग ताणलेली ठेवली तर पाना लवकर खोटं बोलू लागतो. वर्षातून एकदा किंवा 5,000 वेळा वापरल्यावर तो तपासून घ्यायचा असतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

नव्या गाड्यांत आणखी एक भानगड आहे. काही इंजिनांत हेडचे बोल्ट ठरावीक आकड्यापर्यंत आवळून पुढे 90 अंश फिरवायचे असतात. यात घर्षणाचा घोळ कमी होतो, त्यामुळे ताण जास्त नेमका येतो. पण असे बरेच बोल्ट एकदा ताणले की मूळ लांबीवर येत नाहीत. ते फेकायचे आणि नवीन घालायचे. आपल्याकडे ते डिझेलने धुऊन, "चांगलेच तर आहेत" म्हणत परत बसतात.

आता पाइपाकडे येतो. पान्याची लांबी कारखान्यात उगीच ठरवलेली नसते. छोट्या बोल्टचा पाना आखूड आणि मोठ्याचा लांब, ते यासाठीच की साध्या हाताच्या जोराने साधारण योग्य तेवढंच आवळलं जावं. 6 मिलिमीटरच्या बोल्टला 10 न्यूटन-मीटर पुरे होतात, 12 मिलिमीटरच्याला सुमारे 85. पाव मीटरच्या पान्यावर 35 किलोचा जोर लावला की ते 85 भरतात. त्याच पान्याला पाइप घालून लांबी दुप्पट केली आणि जोर तोच ठेवला, तर 170. बोल्ट तुटला नाही तरी तो कायमचा ताणला जातो, आणि असा बोल्ट पुढे धरून ठेवत नाही. पान्याच्या लांबीचं हे गणित आपल्या भागाला नवं नाही. यवतमाळ–मूर्तिजापूर नॅरोगेजवर, आपल्या शकुंतलेच्या रुळांवर, चावीवाला खांद्यावर पाना टाकून फिरायचा. रुळांच्या जोडपट्ट्यांचे बोल्ट ढिले ठेवायचे नाहीत, आणि अतिही आवळायचे नाहीत, कारण मे महिन्याच्या उन्हात रूळ लांबतो आणि त्याला सरकायला जागा लागते. त्या कामासाठी रेल्वेचा पाना ठरलेल्या लांबीचाच असतो.

अंदाजाने बोल्ट बसवण्याची सर्वांत भयंकर गोष्ट मला माहीत आहे ती विमानाची. 10 जून 1990 रोजी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. वर गेल्यावर वैमानिकासमोरची काच उडाली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथहॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचले. ती काच उड्डाणाच्या 27 तास आधीच बसवली होती. 90 पैकी 84 बोल्ट जाडीला अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त बारीक होते. ज्याने ते लावले तो अनुभवी माणूस होता. जुन्या बोल्टशेजारी धरून, डोळ्यांनी जुळवून त्याने नवे निवडले. यादीत नंबर पाहिला नाही. आणि त्याच्या हातात ठरलेल्या टॉर्कला सुटणारं हत्यार होतं! आपल्या गॅरेजात जुन्या बोल्टच्या डब्यातून "हा बसते" म्हणून जो उचलला जातो, तो असाच निवडलेला असतो.

चाकांच्या नटांबद्दल थोडक्यात. वणीकडच्या कोळशाच्या गाड्या, राष्ट्रीय महामार्ग 44 वर वडकी-पांढरकवडा पट्ट्यात पंक्चर काढणारे, सगळीकडे आता हवेची गन आली आहे. गन काम पटकन करते, पण ती नट किती आवळला हे सांगत नाही. गनने नट टेकवावा, शेवट पान्याने करावा, समोरासमोरचे नट आळीपाळीने घ्यावेत आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर एकदा परत पाहावं. रिम आणि हबमध्ये रंग, गंज किंवा माती दबलेली असते. ती पिचली की नट आपोआप ढिले पडतात. एवढं जो पंक्चरवाला सांगतो त्याला दहा रुपये जास्त द्यावेत.

पैशाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो. मिस्त्रीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. हेड बसवायला तीन तास लागतात म्हटलं की आपणच म्हणतो, "शेजारचा दीड तासात देतो." तो दीड तास भोकं न साफ करता येतो. कामापेक्षा घाईला आपण मजुरी देतो. बरं, टॉर्क पाना तीन-चार हजारांत मिळतो, पण आकडा कुठून आणायचा? मालकाला गाडीसोबत जी पुस्तिका मिळते तिच्यात ऑइल कधी बदलायचं, ग्रीस कुठे भरायचं हे असतं. हेडचा टॉर्क सहसा नसतो. तो असतो वर्कशॉपच्या जाड पुस्तकात, आणि ते पुस्तक डीलरकडे. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना इथून जवळच, नागपूरच्या हिंगण्यात आहे. या कंपनीने आणि इतरांनी हेड, कनेक्टिंग रॉड आणि चाकं या तीन ठिकाणचे आकडे आणि क्रम मराठीत एका कागदावर छापून मालकाच्या पुस्तिकेत घातले, तर कुणाचं काय बिघडेल? गाडी वॉरंटीतून बाहेर पडली की ती आमच्याच मिस्त्रीकडे येणार आहे, हे त्यांनाही माहीत असतं.

दुसरी मागणी आयटीआयकडे. मेकॅनिक डिझेल आणि मेकॅनिक ट्रॅक्टर शिकणाऱ्या पोरांना टॉर्क पाना हातात मिळतो. ज्याच्या हाताखाली ती पुढे काम करणार त्या उस्तादाला मात्र मिळत नाही, आणि पोरगं पहिल्याच आठवड्यात पाइप लावायला शिकतं. 2015 पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत काम येणाऱ्या माणसाचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायची सोय आहे. तालुक्याच्या आयटीआयने हंगाम नसताना, मार्च-एप्रिलमध्ये, संध्याकाळी गॅरेजवाल्यांना बोलवावं आणि त्यांच्याच ट्रॅक्टरचं हेड त्यांच्याकडून बसवून घ्यावं. भाषणं नकोत.

आणि ट्रॅक्टरवाल्यांना एवढंच. हेड आवळायचं असेल त्या दिवशी गॅरेजवर स्वतः जा. भोकं साफ केली का, बोल्ट नवे घ्यायचे का, आकडा कोणत्या पुस्तकातला, एवढं विचारा. मिस्त्री टॉर्क पाना काढत असेल तर घड्याळाकडे बघू नका आणि त्या तीन तासांची मजुरी घासाघीस न करता द्या. तो पाइप शोधायला लागला, तर तिथेच हात धरा.