यंत्राचा विमा उतरवला, हाताचे काय?

मराठी वाचकाला कुंभकोणम हे नाव परके वाटण्याचे कारण नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजे भोसले यांनी तंजावर येथे राज्य स्थापन केले आणि ती गादी १८५५ पर्यंत टिकली. त्या काळी तिकडे गेलेल्या कुटुंबांचे वंशज आजही कावेरीकाठी आपापल्या घरांत मराठी बोलतात. तंजावरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या दरम्यान वसलेले कुंभकोणम हे मंदिरांचे, बारा वर्षांनी येणाऱ्या महामहम पर्वाचे, पितळी पेल्यातील कॉफीचे आणि विड्याच्या पानांचे गाव. बँकेच्या सेवेत कृषी अधिकारी म्हणून २००५ च्या सुमारास माझी तेथे बदली झाली, तेव्हा मात्र हे गाव एका वेगळ्याच कारणाने देशाच्या स्मरणात होते.

१६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेला आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली होती. स्वयंपाकघरातील आग शाकारलेल्या छपराने पकडली आणि पाहता पाहता ती वर्गांवर पसरली. सारा देश हळहळला. चौकशी आयोग नेमला गेला, शाळांवरील शाकारलेली छपरे उतरवण्याचे आदेश निघाले आणि पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळांच्या सुरक्षिततेविषयी निर्देश दिले. ही दुर्घटना दैवाने घडवली नव्हती, ती टाळता येण्याजोगी होती, हे समाजाने उघडपणे मान्य केले. सुरक्षिततेची सुरुवात अशा मान्यतेपासूनच होते.

याच गावी मला एक दुसरा अपघात भेटला. त्याची कोणी चौकशी केली नाही. तो माझ्यासमोर आला तो एका साध्या अर्जाच्या रूपाने.

एके सकाळी पन्नाशीच्या घरातले एक शेतकरी ग्राहक शाखेत आले. त्यांना आपल्या खात्यावरील नमुना स्वाक्षरी बदलून हवी होती. आमच्या शाखेतील एक वयस्क लेखनिक तंजावरी मराठी घराण्यातले; माझ्यासाठी दुभाष्याचे काम तेच करीत. त्यांनी अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "साहेब, सहीऐवजी आता डाव्या हाताचा अंगठा घ्यावा लागेल." मी मान वर करून पाहिले. त्या गृहस्थांचा उजवा हात कोपराखाली नव्हता. भाताचा हंगाम आटोपल्यावर त्याच रानात घेतलेल्या उडदाची मळणी चालू होती. ओलसर पेंढी यंत्रात अडकली. ती हाताने मोकळी करताना फिरत्या ड्रमाने हात ओढून घेतला. "यंत्र बंद का केले नाही?" असे मी विचारले. "यंत्राला पुढच्या शेतावर जायचे होते," एवढेच उत्तर त्यांनी दिले. आमचे लेखनिक हलक्या आवाजात म्हणाले, "नशीब त्यांचे, साहेब."

मी नियमाप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा घेतला, जुन्या स्वाक्षरीवर रेघ मारली आणि 'नोंद घेतली' असा शेरा लिहिला. नंतर सहज म्हणून कर्जाची फाइल काढून पाहिली. ते मळणीयंत्र आमच्याच शाखेच्या कर्जातून घेतलेले होते. फाइलमध्ये दरपत्रक होते, पावती होती, तारणाचा करार होता, यंत्राचा विमा होता, पाहणीचा अहवालही होता. त्या अहवालात यंत्र 'सुस्थितीत' असल्याचे नमूद होते. ड्रमापुढील संरक्षक आवरण जागेवर आहे की काढून ठेवले आहे, हा प्रश्न अहवालाच्या नमुन्यातच नव्हता. माझ्या पूर्वाधिकाऱ्याने तो विचारला नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही विचारला नसता.

कारखान्यात कामगाराला गंभीर इजा झाली तर ती संबंधित अधिकाऱ्याला कळवण्याचे बंधन कायद्याने व्यवस्थापनावर असते. शेताच्या बांधावर असा कोणी अधिकारी नसतो. तेथे मालक, चालक आणि जखमी होणारा हे तिघेही पुष्कळदा एकच असतात. शेतातील अपघात एकेकट्याला गाठतो आणि एकेकट्याचा अपघात नशिबाच्या खात्यावर जमा होतो. तो तेथून काढून कारणांच्या खात्यावर टाकल्याखेरीज तो टळणार नाही.

कारणे शोधायला फार दूर जावे लागत नाही. पहिले कारण घाई. आपल्याकडे पेरणीयोग्य ओलीला 'घात' म्हणतात. घात साधली तर वर्ष साधले, असे आपला शेतकरी मानतो. कावेरीच्या खोऱ्यातही तीच कथा आहे. प्रथेप्रमाणे १२ जूनला मेट्टूर धरणाचे पाणी सुटले की कुरुवै भाताची धांदल सुरू होते. तो कापणीला येतो त्या सुमारास ईशान्येकडील पावसाचे ढग दिसू लागतात. कापणीचे यंत्र भाड्याचे, भाडे तासावर आणि पुढचा शेतकरी रांगेत उभा. अशा वेळी यंत्र दोन मिनिटे बंद करणे म्हणजे दोन मिनिटांचे भाडे वाया घालवणे, असा हिशेब मनात आपोआप होतो. घात साधण्याच्या या घाईतच अपघात दबा धरून बसलेला असतो.

दुसरे कारण यंत्राच्या वेगाविषयीचे अज्ञान. ट्रॅक्टरच्या मागून मळणीयंत्राला गती देणारा दांडा, ज्याला सर्वत्र पीटीओ शाफ्ट म्हणतात, तो साधारणतः मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचे टोक, धोतराचा सोगा किंवा ओढणी त्यात सापडली, तर माणसाला हिसका जाणवून तो मागे सरेपर्यंत कापडाचे चार-पाच वेढे बसलेले असतात. येथे चपळाई उपयोगी पडत नाही. उपयोगी पडते ते दांड्यावरचे आवरण. पण ते साफसफाईसाठी एकदा काढले की गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन पडते, आणि त्याविना यंत्र चालते, किंबहुना सोयीचे वाटते, म्हणून परत बसवले जात नाही.

मळणीयंत्रांनी इतके हात घेतले की संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे (विनियमन) कायदा संमत केला. यंत्राची रचना सुरक्षित असावी आणि ते चालवताना इजा वा मृत्यू झाल्यास भरपाई मिळावी, हा त्याचा हेतू. पेंढी आत सरकवण्याची पन्हळ इतकी लांब आणि झाकलेली असावी की हात ड्रमापर्यंत पोहोचूच नये, हे त्यामागील साधे तत्त्व आहे. कायद्याला चार दशके उलटली. तरीही तो ज्यांच्यासाठी केला, त्यांपैकी किती जणांच्या तो कानावर आला असेल? कायदा आणि खळे यांच्यामध्ये कोणीतरी उभे राहावे लागते.

आपल्या महाराष्ट्राने असाच एक धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, हवा दमट होती, दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती, आणि सूक्ष्म तुषार उडवणारे पंप आले होते. अंगात मात्र साधा सदरा आणि तोंडाला फार तर रुमाल. शासनाने विशेष तपास पथक नेमले, तेव्हा ही कारणे चर्चेत आली. त्याआधी फवारताना कोणाला घेरी आली की 'ऊन लागले' म्हणून बाब मिटत असे. डब्यावरील तांबडा त्रिकोण अतिविषारीपणाची खूण आहे, हे तरी फवारणी करणाऱ्या किती मजुरांना कोणी सांगितले होते?

आता आपल्या बँकेच्या वाचकांपुढे मला एक मत स्पष्टपणे मांडायचे आहे. आपण ट्रॅक्टरचा विमा उतरवल्याशिवाय कर्ज वितरित करीत नाही. पिकाच्या विम्याचीही आठवण करतो. ज्या हातांनी ते यंत्र चालणार आणि ते पीक उभे राहणार, त्यांची चौकशी मात्र आपण करीत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ पासून बँकांमार्फतच राबवली जाते. १८ ते ७० वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला केवळ २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. अपघातात एक हात वा पाय कायमचा गेल्यास १ लाख रुपये मिळतात. हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. तरीही मजुराच्या खात्यात त्या दिवशी शिल्लक नाही, म्हणून त्याचे संरक्षण खंडित झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. वीस रुपयांसाठी असे होऊ नये, याची काळजी शाखेने आणि शेतमालकाने मिळून घ्यायला हवी.

परंतु विमा म्हणजे सुरक्षितता नव्हे. विमा अपघातानंतर येतो. म्हणून माझी सूचना अशी की, शेती यंत्रासाठी कर्ज मंजूर करतानाच आपण तीन प्रश्न विचारावेत. फिरत्या भागांवरील सर्व आवरणे यंत्राबरोबर आली आहेत काय? यंत्र प्रत्यक्ष कोण चालवणार, आणि ते तात्काळ बंद कसे करावे हे त्याला दाखवले आहे काय? चालक आणि मजूर यांचा अपघात विमा आहे काय? पुढे पाहणीला जाणाऱ्या अधिकाऱ्याने चासी क्रमांक पडताळताना त्या आवरणांवरही एक नजर टाकावी आणि अहवालात एक ओळ लिहावी.

यावर कोणी म्हणेल, हे बँकेचे काम नाही. आधीच कागद थोडे आहेत काय? हा आक्षेप मला समजतो, कारण अनेक वर्षे मीही तो घेत आलो. पण कर्जाची परतफेड यंत्र करीत नाही, माणूस करतो. आणि हा केवळ वसुलीचा हिशेब नव्हे. मळणीवर राबणारी मजूर बाई आपली कर्जदार नसते. ज्या यंत्राशेजारी ती उभी असते ते मात्र आपल्या पैशाने आलेले असते. पत्र्याच्या आवरणाची किंमत यंत्राच्या किमतीत कोठेच जाणवत नाही. शेतकऱ्याला हे प्रश्न जाचक वाटतील, ही भीतीही मला खरी वाटत नाही. मनापासून केलेली विचारपूस ग्रामीण माणसाला कधीच जाचक वाटत नाही.

आमच्या शेतकरी ग्राहकांनाही चार गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. अडकलेली पेंढी काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे, चावी खिशात टाकावी आणि ड्रम पूर्ण थांबेपर्यंत हात लांब ठेवावा. पदर खोचावा, केस बांधावेत. चिखलात रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना ओंडका बांधून जोर लावू नये. चाक फिरू शकले नाही की ट्रॅक्टरचा पुढचा भागच उचलला जातो आणि तो चालकावर उलटतो. त्यापेक्षा सावकाश मागे घ्यावा किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढावा. रानडुकरांसाठी वा उंदरांसाठी कुंपणात घरगुती वीज कधीही सोडू नये. ती जनावर आणि शेजारी यांत भेद करीत नाही. रात्री पाणी द्यायला जाताना पायांत बूट आणि हाती विजेरी असावी. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली. सर्पदंश झाल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

कुंभकोणम सोडताना मी त्या ग्राहकाचा निरोप घ्यायला गेलो होतो. त्यांचा मुलगा त्याच यंत्रावर मळणी करीत होता. मी पहिल्यांदा ड्रमाच्या तोंडाकडे पाहिले. तेथे नव्या पत्र्याचे आवरण घट्ट बसवलेले होते. गावच्या लोहाराकडून दोन दिवसांत करून घेतले, असे वडिलांनी सांगितले. दोन दिवस आणि एक पत्रा! हीच विचारणा आम्ही कर्ज देताना केली असती, तर त्यांच्या नमुना स्वाक्षरीवर रेघ मारण्याची वेळ माझ्यावर आली नसती. आपल्या शाखेतून यापुढे जे यंत्र शेताकडे जाईल, त्याच्याबरोबर ही विचारणाही जावी, एवढीच सहकाऱ्यांना विनंती आहे.