घरसंसार : जुन्या गिझरचा पंचनामा

गेल्या डिसेंबरात, नाताळ आठ दिवसांवर आला असता, आमच्या न्हाणीघरातील गिझरने मान टाकली. बारा वर्षे इमानाने चाकरी करून तो एका पहाटे तळातून गळू लागला. बेळगावकडील पहाटेची थंडी कशी असते, हे वाचकांस सांगणे न लगे. पाहुणे तर यावयाचेच होते. आईने मागील पडवीतील तांब्याचा बंब चिंच लावून घासावयास काढला आणि, ‘‘याला वीज लागत नाही,’’ एवढेच म्हणाली.

आम्ही त्याच दिवशी बेळगावच्या बाजारात गेलो. दुकानदाराने तीन लिटरांचा, तीन किलोवॅटचा लहान गिझर पुढे केला. नळ सोडताच ऊन पाणी, वाट पाहणे नाही, किंमतही कमी. आम्ही पैसे मोजावयाच्या बेतात होतो. पण सौभाग्यवतींनी विचारले, ‘‘जुना कशाने बिघडला, ते तर अजून कळलेच नाही. मग नवा घेता कशाच्या आधारावर?’’ दुकानदार हसला. आम्ही मात्र हात हलवीत घरी परतलो.

दुसऱ्या दिवशी गावचे वायरमन आले. त्यांनी प्रथम विजेचा मुख्य खटका बंद केला, जुनी टाकी भिंतीवरून उतरविली आणि अंगणात उघडली. आत पांढऱ्या कपच्यांचा ढीग निघाला. आमचे गाव निपाणीच्या वाटेवर, काळ्या जमिनीत आहे. नळाला येते ते कूपनलिकेचे जड पाणी. असे पाणी तापले की त्यातील क्षार तापणाऱ्या कांडीवर बसतात, आणि साठ अंशांच्या वर तापविले तर अधिकच बसतात. खानापूरकडे लाल मातीतील विहिरींचे पाणी बहुधा मवाळ असते. तिकडच्या पाहुण्यांचा गिझर आपल्याहून अधिक टिकला, तर त्यात कारखानदाराचे श्रेय थोडेच असेल.

मग वायरमनांनी एक बारीक तार बोटांत धरून दाखविली. टाकीत मॅग्नेशियमची एक जाड कांडी असते. गंजाने पोलादी टाकी खाऊ नये, म्हणून ती स्वतः झिजते. ती संपली की टाकीची पाळी येते. जड पाण्याच्या गावी ती दर वर्षा-दोन वर्षांनी उघडून पाहावी आणि झिजली असल्यास बदलावी. किंमत अल्प असते. बारा वर्षांत आम्ही हे नावही ऐकले नव्हते. विकत घेताना कोणी सांगितले नाही, हे खरे. पण आम्ही तरी कुठे विचारले होते?

येथवर सारे हानीचे होते. पुढचे भयाचे निघाले. क्षारांखाली तापणारी कांडी तडकलेली होती आणि तीतून वीज पाण्यात उतरत होती. अशी चुकार वीज अर्थिंगच्या तारेने जमिनीत निघून जावयास हवी. वायरमनांनी तार शोधीत परसातल्या खड्ड्यापर्यंत माग काढला, तो तार गंजून तुटलेली आणि खड्डा ठणठणीत कोरडा! आमची धाकटी कन्या वर्षभर सांगत होती, की नळाला हात लावला की मुंग्या येतात. आम्ही ते थंडीवर घातले होते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

सकाळी खरेदीचा क्रमच उलटा झाला. आधी खड्डा नव्याने खणून मीठ-कोळसा भरला, तार बदलली, आणि मीटरशेजारी तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा खटका बसविला. त्याला आर. सी. सी. बी. म्हणतात. त्यावरील चाचणीची कळ दर महिन्यास दाबून पाहावी. उरलेल्या पैशांत गिझर.

तो लहान गिझर आम्ही का नाकारला, तेही सांगतो. वीस अंशांचे पंधरा लिटर पाणी चाळीस अंशांवर आणावयाचे, तर तीन किलोवॅटला सात मिनिटे लागतात. पण आमच्याकडे सकाळी विजेचा दाब कधी 230 वरून 180 व्होल्टांवर उतरतो. तेव्हा शक्ती साठ टक्क्यांच्या आसपास येते आणि तीच बादली अकरा मिनिटांहून अधिक वेळ खाते. साठ्याच्या गिझरला फक्त थोडे आधी लावावे लागते. शिवाय तीन किलोवॅट म्हणजे तेरा अँपिअर. घरातील जुन्या बारीक तारांवर तो बोजा टाकणे म्हणजे दुसरे संकट. गॅसचा गिझर तर बंद न्हाणीघरात आणूच नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस हाक न मारता बेशुद्ध पडतो.

आम्ही 25 लिटरांचा, आत काचेचा लेप असलेला, दोन किलोवॅटचा घेतला. त्यातील साठ अंशांच्या पाण्यात तितकेच गार मिसळले की तीन बादल्या सहज होतात. तारे अधिक घ्यावेत काय? हे तारे साठून राहिलेल्या पाण्याची उष्णता किती वाया जाते, तेवढेच सांगतात. स्नानाच्या बादलीला लागणारी वीज कोणत्याही गिझरात तीच, म्हणजे सुमारे एक-तृतीयांश युनिट. पाच माणसांस महिन्याकाठी पन्नासांवर युनिटे जातात. कर्नाटकात 2023 साली गृहज्योती योजना आली, तिच्यात महिन्याचा वापर 200 युनिटांपलीकडे गेला की पूर्ण बिल भरावे लागते. तेव्हा ज्यांचे मीटर त्या काठावर आहे, त्यांनी हा हिशेब आधी करावा आणि गिझर दिवसभर चालू ठेवू नये.

पाहुणे आले, स्नाने झाली. आईने बंब मात्र परत पडवीत ठेवू दिला नाही. मोठ्या माणसांचे पाणी अजून त्यातच तापते, आणि आम्हीही फार विरोध करीत नाही. झिजलेली ती तार आम्ही न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली आहे. शेजारच्या भिंतीवर धाकटीने खडूने लिहिले आहे : ‘‘डिसेंबर – कांडी पाहणे. खड्ड्याला पाणी घालणे.’’