मरीआईचा गाडा आणि सिमेंटचें गटार



गांवांत पटकी आली कीं आपले वाडवडील मरीआईचा गाडा सजवीत, त्यांत खण, नारळ, लिंबें ठेवीत आणि तो वाजतगाजत पुढच्या गांवच्या शिवेवर नेऊन सोडीत. पुढचे गांवकरी तो आणखी पुढें ढकलीत. त्यानें रोग हटत नसे. ही समजूत आज आपण हंसण्यावारीं नेतों. पण पहिल्या मोठ्या पावसांत आपल्या गांवांतून जें वाहतें, तें त्या गाड्याहून निराळें आहे काय?

आमच्याच गांवची गोष्ट सांगतों. चार वर्षांपूर्वीं वरच्या आळीचे रस्ते सिमेंटचे झाले, दोहों बाजूंस पक्कीं गटारें झालीं. नारळ फुटला, नांवाची पाटी लागली. गटार कोठें जाऊन सुटतें हें मात्र कोणीं विचारलें नाहीं. तें ओढ्यांत सुटतें, आणि ओढ्याच्या कांठींच खालच्या आळीची विहीर आहे. तेथें कुंभार, लोहार, मजूर आणि ज्यांना पूर्वीं गांवकुसाबाहेर ठेवलें होतें ते आपले बांधव राहतात. वरचें शेण, उकिरड्यांचा काळा पाझर, संडासाच्या टाक्यांतून ओसंडलेलें मैलापाणी एका सरीसरशी त्या विहिरींत उतरतें. आठ दिवसांत पोरांना जुलाब लागतात आणि एका पोराच्या औषधपाण्यांत घरची आठवड्याची मजुरी जाते. पंचायतीचा शिपाई टीसीएलची पावडर टाकून जातो खरा. पण गढूळ पाण्यांत तिचा बराचसा जोर घाणीवरच खर्च होतो, जंतूंसाठीं थोडाच उरतो.

एक एकरावर एक इंच पाऊस पडला तर तें एक लाख लिटरांहून अधिक पाणी होतें. गवताची, भुसभुशीत जमीन त्यांतलें पुष्कळसें पिऊन टाकते. तें मातींतून गाळत गाळत सावकाश विहिरीला येतें. सिमेंट थेंबभरही पीत नाहीं. त्यावरून पाणी धांवतें, आणि धांवतां धांवतां वाटेंतली सगळी घाण उचलून खालीं नेतें. ढग एकच असतो. वरच्या आळीला त्याचें स्वच्छ अंगण मिळतें आणि खालच्या आळीला घाण.

हें कळायला साहेबाची विद्या लागत नाहीं. १८८३ सालीं जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी जमिनींत मुरवावें, म्हणजे माती वाहून जाणार नाहीं व विहिरींना पाणी राहील, असें सांगितलें. हें काम सरकारनें रिकाम्या लष्करी व पोलीस शिपायांकडून करवून घ्यावें असेंही त्यांनीं सुचविलें. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १८८४ सालीं, जर्मनीचे डॉक्टर कॉक यांना पटकीचा जंतु कलकत्त्याच्या तळ्यांतील पाण्यांत सांपडला. पाणी मुरवावें कसें आणि घाणीपासून राखावें कां, हीं दोन्हीं उत्तरें तेव्हांपासून आपल्यापुढें पडलीं आहेत.

पूर्वींच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार पहा. पाऊस थोडा, डोंगर उघडे, माणसें गांव सोडून जात असत. १९९० नंतर पोपटराव पवार सरपंच असतांना गांवानें श्रमदान व सरकारी योजना यांच्या जोरावर डोंगरावर समतल चर खणले, बांध घातले, चराई आणि कुऱ्हाड बंद केली, शेतीसाठीं बोअर घेण्यास मनाई केली. धांवतें पाणी थांबलें आणि विहिरी भरूं लागल्या. कोणी म्हणेल, तेथें माणूस चांगला मिळाला. मिळाला, पण चर खणायला हात गांवाचेच लागले.

आपल्याला आधीं उकिरड्यापासून आरंभ केला पाहिजे. विहिरीच्या वरच्या अंगास उकिरडा असेल तर तो हलवून खालच्या अंगास, निदान पन्नास फूट दूर न्या. जागा नाहीं, ही सबब मीं पुष्कळ ऐकली आहे. त्याच लोकांना ट्रॅक्टर उभा करायला जागा सांपडते. विहिरीचा कठडा कंबरेइतका उंच करा, भोंवतीं बाहेर उताराचा ओटा बांधा. गटाराचें पाणी ओढ्यांत सोडण्यापूर्वीं एखाद्या पडीक तुकड्यांत पसरूं द्या, तेथें गवत वाढूं द्या. गाळ व घाण बरीचशी तेथेंच बसेल. हा तुकडा मात्र विहिरीपासून लांब हवा. शेताच्या बांधावर मारवेल लावली तर माती राहते आणि बैलालाही चारा होतो. या कशालाही मोठा ठेकेदार लागत नाहीं, आणि कदाचित् म्हणूनच हीं कामें पंचायतीच्या आराखड्यांत येत नसावींत.

गटाराच्या दुसऱ्या टप्प्याचा ठराव आमच्या पंचायतीपुढें आहे. पाणी कोठें सोडणार तें नकाशावर दाखवा, मगच सही करा, असें सांगण्यासाठीं १ मेच्या ग्रामसभेंत खालच्या आळीच्या बाया येऊन बसणार आहेत. वरच्या आळींतून त्यांच्या बाजूला किती जण बसतात, तें पुढच्या अंकीं कळवूं.