तराफ्याचा कठडा किलोवर घेऊ नका

कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे ज्यांचं गाव आहे, त्यांना तराफा म्हणजे काय ते सांगायला नको. १९६० च्या दशकात धरणात पाणी अडलं, जुन्या वाटा बुडाल्या, आणि तापोळा-बामणोलीकडच्या लोकांना लाँच आणि तराफा हाच रस्ता झाला. खाली बंद लोखंडी टाक्या, वर पत्रा, दोन्ही बाजूंना नळीचा कठडा. त्यावरून जीप जाते, सिमेंटची पोती जातात, शेळ्या जातात, लग्नाचं वऱ्हाडही जातं.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका जुन्या तराफ्यावर उभा होतो. लाट आली म्हणून कठड्याला टेकलो, तर खांब डुलला. शेजारचे म्हातारबा म्हणाले, "तिकडं टेकू नगा, त्यो नुसता रंगावर उभा हाय." वाकून पाहिलं तर खरंच. वरची नळी ठणठणीत, दरसाल रंग मारलेली. पण खांबाचा पाय जिथे पत्र्याला जोडला होता, तिथे गंजाचा पापुद्रा सोडून काही शिल्लक नव्हतं.

कठडा मरतो तो नेहमी पायाशी. पत्र्यावर पाणी साचतं, त्यात माती आणि शेण मिसळतं, खांबाच्या बुडाशी ओल राहते. नळीच्या आतही दव धरतं आणि ती आतून गंजते, बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून नवा कठडा घेताना पहिला सवाल "कोणत्या धातूचा?" हा नाही. पाय कसा बसवणार, आणि पुढे तो बदलता येईल का, हे आधी विचारा.

आपल्याकडे होतं उलटंच. लोखंडी कामाचं बिल किलोवर निघतं. मग जाड नळी, जादा पट्ट्या. ठेकेदार खूष, मोजमाप पुस्तिकाही भरगच्च. जमिनीवरच्या गेटला हे चालून जातं. तरंगत्या वस्तूवर वर चढवलेला प्रत्येक किलो तिला कलायला मदत करतो. हिशेब करून पाहा. बारा मीटर लांबीचा तराफा, दोन्ही बाजूंना तीन-तीन आडव्या नळ्या, दर दीड मीटरला मीटरभर उंचीचा खांब. सगळी नळी भरते ९० मीटर. दीड इंची मध्यम जीआय पाइप मीटरला सुमारे ३.६ किलो, म्हणजे सव्वातीनशे किलो. पाच माणसं कायमची कठड्यावर बसवल्यासारखी. खांब आणि वरची नळी दीड इंची ठेवून मधल्या दोन नळ्या एक इंची घेतल्या, तर तेच काम २७० किलोच्या आत बसतं. मजबुतीत फार फरक पडत नाही, कारण माणूस टेकतो वरच्या नळीला.

अॅल्युमिनियमचा कठडा याच मापात सव्वाशे किलोच्याही आत होईल आणि गंजणार नाही. बोटच अॅल्युमिनियमची असेल तर दुसरा विचार करू नये. पण लोखंडी तराफ्यावर तो बसवला की दोन धातू ओल्यात एकमेकांना लागतात आणि अॅल्युमिनियम झिजतं; मध्ये रबर किंवा नायलॉनचे वायसर हवेत. शिवाय जीपचा धक्का लागून नळी तुटली, तर तिला डाग द्यायला गावातला साधा वेल्डिंगवाला उपयोगाचा नाही.

स्टेनलेसची हौस सरपंच मंडळींना फार. दिसतं झकास, फोटोही चांगला येतो. ३०४ नंबरचं खरं स्टेनलेस गोड्या पाण्यात उत्तम टिकतं. ३१६ दाभोळ-धोपावेसारख्या खाडीवरच्या फेरीला हवं, कोयनेला त्याचा खर्च नको. पण बाजारात रेलिंगसाठी २०२ नंबरचा माल सर्रास मिळतो. तो स्वस्त, आणि सततच्या ओलीत तांबूस डाग धरणारा. लोहचुंबक लावून बघू म्हणाल तर २०२ ला चिकटत नाही आणि ३०४ लाही नाही. बिलावर नंबर लिहून घ्या आणि मालाचं तपासणीपत्र मागा. आणखी एक गंमत: कठडा स्टेनलेसचा आणि बोल्ट साध्या लोखंडाचे! चार पावसाळ्यांत बोल्ट संपतात आणि चकाकणारा कठडा नुसता उभा राहतो.

माझं मत विचाराल तर लोखंडी तराफ्याला साधं लोखंडच बरं. मात्र कापणं, वेल्डिंग, भोकं पाडणं सगळं उरकल्यावर ते जस्ताच्या गरम कुंडात बुडवून आणलेलं हवं. तयार जीआय पाइप आणून जागेवर वेल्डिंग केलं की जस्त जळतं ते नेमकं सांध्यावर, आणि गंज तिथूनच शिरतो. नळ्यांना आधीच भोकं ठेवावी लागतात. बंद नळी कुंडात फुटते. बुडाचं भोक पुढे पाणी निचरायलाही कामाला येतं. कठडा जिल्ह्याबाहेर न्यावा लागला, वाहतूक वाढली, तरी हा खर्च वसूल होतो. प्रत्येक खांबाला तळपट्टी द्यावी, ती चार बोल्टांनी पत्र्याला आवळावी, पत्र्याखाली जाड पट्टीचा आधार घ्यावा. एक खांब वाकला तर तेवढाच काढता येतो. टाकीच्या अंगाला मात्र भोक पाडू नका, डागही देऊ नका. टाकीत पाणी शिरलं तर कठड्याचं कौतुक कुणाला? बंद टाकीवर वेल्डिंग करणं तर जिवावरचा खेळ आहे.

नळ्यांऐवजी सरळ पत्रा मारा, त्यावर देणगीदारांची नावं येतील, असंही सुचवलं जातं. दोन्ही बाजूंचा मिळून चोवीस चौरस मीटर पत्रा म्हणजे शीडच. २१ मे २०२४ ला उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले. त्या दुर्घटनेचा कठड्याशी संबंध जोडत नाही. पण उन्हाळी वारा जलाशयावर काय करतो ते साऱ्यांनी पाहिलं.

फटींचं माप अंदाजपत्रकात लिहा. समुद्रावरच्या जहाजांसाठी १९६६ च्या आंतरराष्ट्रीय भाररेषा करारात कठडा निदान एक मीटर उंच, खालची फट २३० मिलिमीटरच्या आत आणि वरच्या ३८० च्या आत धरल्या आहेत. तीन नळ्यांत ते बरोबर बसतं. तो करार आपल्याला लागू नाही, पण माप मोठ्या माणसाला पुरेसं आहे. शाळेची पोरं आणि करडं जातात तिथे खालच्या फटीत आणखी एक बारीक नळी टाकावी.

आणि दरपत्रकं मागवताना "प्रति किलो" खोडून "प्रति मीटर, बसवून" लिहा. जुना कठडा बदलायचा की ठेवायचा हे ठरत नसेल, तर एप्रिलात पाणी उतरल्यावर ग्रामसेवकांनी छोटी हातोडी घेऊन प्रत्येक खांबाचा पाय ठोकून पाहावा. जिथे आवाज बद्द येईल, तिथला रंग खरवडा.